अकरावा नियम

आप्पासाहेबांनी फोटो टेबलावरून पुढे सरकवला, पुस्तिकेचं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"वाचा," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

पुष्पावतीला वाचायची गरज नव्हती. अकरावा नियम तिला पाठ होता. बोधचिन्हाच्या जवळ त्याच्या अर्थाला छेद देणारा शब्द किंवा चित्र येऊ नये. राहुरीच्या बाजारात आप्पासाहेबांच्या गोड गोळ्यांच्या जाहिरातीला खेटून कुणीतरी उंदीर मारायच्या औषधाची जाहिरात रंगवली होती. ती पाहून आली त्याच दिवशी तिने हा नियम लिहिला होता.

फोटोत जामखेडच्या एसटी स्टँडसमोरचं एक दुकान होतं. दारावर जुनी फळी आणि फळीवर ढोबळ अक्षरं, कडूबाई किराणा.

"आपल्या नव्या पाटीवर वर गोडुली आणि खाली कडूबाई," आप्पासाहेब म्हणाले. "गोळी तोंडात घालायच्या आधीच माणूस थुंकेल. नवऱ्याचं नाव गोरक्षनाथ आहे. चांगलं देवाचं नाव. ते लावू म्हटलं, तर बाई म्हणते, मग पाटीच नको. तुम्ही जाऊन या. बाईचं बाई ऐकेल."

गोडुली हा आप्पासाहेबांचा गोळ्या-बिस्किटांचा कारखाना, नगरजवळच्या नागापूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतला. पुष्पावती तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा एका गोळीच्या कागदावर पोपट होता, दुसऱ्यावर कमळ, आणि बिस्किटांच्या पुड्यावर आप्पासाहेबांच्या वडिलांचा फेट्यातला फोटो. मुंबईला कलाशाळेत शिकून ती नगरला परत आली होती, पण गावाला तिच्याकडून फक्त लग्नपत्रिका हव्या होत्या. गणपतीला जागा सोडा आणि मामांची नावं बसवा, एवढंच काम. आप्पासाहेबांनी मात्र तिला पूर्ण बोलू दिलं. तिने पोपट काढून टाकला, कमळ काढून टाकलं आणि गोडुली हा शब्दच चित्रासारखा रेखला. शिरोरेषेची दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळलेली, लाल रंगात. पोराने दुरून बघितलं तरी तोंडाला पाणी सुटावं असा.

मग ती पुस्तिका. लाल नेमका कोणता, चिन्हाभोवती मोकळी जागा किती, दुकानदाराचं नाव कुठे आणि कोणत्या वळणाच्या अक्षरात. वडिलांच्या फोटोवरून आप्पासाहेब तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. "नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं चालणार नाही," तिने त्यांच्याच ऑफिसात त्यांना सांगितलं होतं. शेवटी त्यांनी फोटो उतरवला. आता गाड्या, खोकी, कामगारांचे कपडे, सगळं काम तिच्याकडेच यायचं होतं. वसाहतीतल्या आणखी दोघांनी पुस्तिका बघायला मागितली होती.

ती जामखेडला जायला निघाली.

सोबत भिमाजी पेंटर होता. कंपनीची पत्र्याची पाटी त्याने एसटीच्या टपावर दोरीने करकचून बांधली. पाटीवर गोडुली रंगवून झालं होतं. खाली नावाची जागा कोरी होती.

कडूबाई दुकानाच्या उंबऱ्यात बसून शेंगदाणे निवडत होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. आत तिचा नवरा गोरक्षनाथ तराजूची साखळी सोडवत होता. भिमाजीच्या खांद्यावरची पाटी पाहून तो लगबगीने बाहेर आला.

"आली व्हय पाटी! लई झ्याक दिसती."

"गप बसा," कडूबाई म्हणाली. "तुमचं नाव लावाय आल्यात, म्हनून झ्याक दिसती."

"मी कुटं म्हनलं लावा? ते म्हनत्यात."

पुष्पावती उंबऱ्याशेजारच्या पोत्यावर टेकली. येताना तिने बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं. तिने कंपनीचं सांगितलं, पुस्तिकेचं सांगितलं, गोड वस्तूवर गोडच शब्द का हवा ते सांगितलं. कडूबाई ऐकत होती. हात थांबले नव्हते. खवट दाणा दिसला की ती तो न बघताच रस्त्यावर टाकत होती.

"दुकान कुनी काढलं, इचारा त्यास्नी," बोलणं संपल्यावर ती म्हणाली.

"हिनं," गोरक्षनाथ म्हणाला. "मी तवा फडावर हुतो, ऊसतोडीला. हिनं हितं टोपल्यात चार डबे घिऊन बसाय सुरुवात केली. मी आलो तर दुकान झाल्यालं."

"मावशी, दुकान तुमचंच आहे. त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. फक्त नाव..."

"माझ्या आयची तीन पोरं गेली माझ्या आदी," कडूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक बी बारशापतुर ऱ्हायलं न्हाई. मी झाले तवा आयनं नाव ठिवलं कडू. का, तर मरान येईल, तोंडात घालंल आन कडू लागलं म्हनून थुकून दील. तसंच झालं. मला थुकलं त्यानं. म्हनून हितं बसले हाय तुमच्याम्होरं. आन तुमी म्हनता, गोळीसाटी ते नाव पुसा?"

पुष्पावतीने पिशवीतून पुस्तिका काढली होती, ती मांडीवर तशीच बंद राहिली.

शाळा सुटली होती. पोरांचा एक घोळका दुकानाशी आला.

"कडूबाईची गोळी द्या," सगळ्यात पुढची पोरगी नाणं पुढे करून म्हणाली.

कडूबाईने बरणीतून गोडुलीच्या गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कागद सोडले, गोळ्या गालात सारल्या आणि ती पळाली.

"तुम्हाला वाचता येतं, मावशी?"

"कुटलं आलंय. पन एवढं वळखते." तिने मान वर करून जुन्या फळीकडे पाहिलं. "बाजारात शंभर पाट्या लावा. माझी कंची ते मी लांबनं सांगीन. त्ये पयलं अक्षर हाय न्हवं, मदी पोट आन दोन्ही बाजूला वाकल्यालं, तितनं माझं नाव सुरू हुतं."

पुष्पावतीही फळीकडे बघत राहिली. कलाशाळेत वर्षानुवर्षं ज्यावर डोकं फोडलं, ज्यासाठी मुंबईचे मोठे कलाकार कारखानदारांकडून मोठी बिदागी घेतात, ते न वाचता ओळखू येणारं चिन्ह या बाईने एका फळीवर कधीचंच करून ठेवलं होतं. आणि ते पुसायला ती नगरहून एसटीने आली होती. तिला आपलीच चीड आली.

ती उठली. पुस्तिका पिशवीत टाकली.

"भिमाजी, रंग काढा."

"काय लिहू?" भिमाजीने कुंचला हातात घेतला. "गोरक्षनाथ?"

"कडूबाई."

भिमाजी घुटमळला. "बाई, पुस्तकात तर..."

"पुस्तक मीच लिहिलंय."

अक्षरांचं वळण मात्र तिने पुस्तिकेतलंच धरायला लावलं. भिमाजीने सुतळीला खडू लावून रेघ आखली. 'क'चा दांडा ओढताना त्याचा हात जरा अडखळला, तेव्हा तिने त्याच्याकडून कुंचला घेतला आणि नाव स्वतः पुरं केलं. कडूबाई शेंगदाण्याचं सूप बाजूला ठेवून जवळ आली. ओल्या अक्षरांपाशी तिने बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"पोट जरा बारीक झालं," ती म्हणाली.

पुष्पावतीने ते पोट फुगवलं.

आप्पासाहेबांना ही बातमी तिने स्वतःच दिली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"माझ्या वडिलांचा फोटो मी उतरवला, पुष्पावतीबाई," ते म्हणाले. "या कारखान्याची पहिली भट्टी त्यांनी त्यांच्या हातांनी बांधली. तुम्ही म्हणालात नियम, मी म्हटलं ठीक. घरात आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. आणि जामखेडच्या एका दुकानदारणीसाठी तुम्ही तोच नियम मोडून आलात."

"फोटोचा नियम बरोबर होता. हा चुकलाय."

"कुणी ठरवलं?"

"जिने लिहिला तिने." तिने टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि अकराव्या नियमावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. "गोळीचं नाव तुम्ही ठेवा. माणसाचं नाव त्याचं त्याला ठेवू द्या."

आप्पासाहेबांनी पुस्तिका तिच्या हाताखालून ओढून घेतली. दुखावलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा बारीक झाला होता.

"पुस्तिका आता कंपनीची आहे. पुण्याला छापायला जाणार आहे, आहे तशी. आणि त्या बाईने नाव बदललं नाही, तर तिचा माल बंद."

"मग माझं नाव काढा त्यातून. शेवटच्या पानावर रचनाकार म्हणून लिहिलंय ते."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"माझं नाव आहे ते," पुष्पावती म्हणाली. "एवढंसं नाही."

गाड्यांचं काम पुण्याच्या कुणाकडे गेलं. वसाहतीतले ते दोघे पुस्तिका बघायला आलेच नाहीत. तुळशीची लग्नं लागली तशा पत्रिका पुन्हा सुरू झाल्या. एका वरबापाने पत्रिकेवर वराच्या आईचं नाव कशाला म्हणून कुरकुर केली, तेव्हा तिने कागद गोळा करून त्याच्या हातात दिले आणि दुसरीकडे करून घ्या म्हणून सांगितलं. घरी आई म्हणाली, अशाने तुला कुणी दारात उभं करणार नाही. पुष्पावती जेवत होती. तिने भाकरी आणखी मागून घेतली.

थंडी पडल्यावर जामखेडच्या गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला. कडूबाईने बोलावलंय, पाटीचं काम आहे, रंग घेऊन या.

ती एकटीच गेली. स्टँडवर उतरताच तिला पाटी दिसली. वरच्या अर्ध्या भागावर चुन्याचे पोतेरे फिरवलेले होते. चुना पत्र्यावर धरला नव्हता, त्यातून गोडुलीचा लाल रंग फुटत होता आणि शिरोरेषेची पिळलेली टोकं दोन्ही बाजूंनी तशीच बाहेर डोकावत होती. खाली कडूबाई मात्र लखलखीत. बरण्यांमधल्या गोळ्याही निराळ्या होत्या, साध्या, कागद नसलेल्या.

"बार्शीचा एक जन देतो," कडूबाई म्हणाली. "त्यांनी माल बंद केला. मग म्या बी त्यांचं नाव पुसलं. का वागवायचं डोक्यावर?" मग पुष्पावतीच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा आवाज उतरला. "तुमची नक्षी हुती ती. वाईट वाटलं व्हय?"

त्या दोन पिळांसाठी पुष्पावतीने किती कागद फाडले होते, ते या बाईला सांगून काय उपयोग होता! तिने स्टूल मागितलं. गोरक्षनाथने आतून आणलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

"पुन्यांदा काढता का काय ते?" त्याने खालून विचारलं.

"नाही. अर्धवट पुसलेलं बरं दिसत नाही."

ओल्या फडक्याने तिने आधी चुना उतरवला. गोडुली पुन्हा स्वच्छ समोर आलं, पहिल्या दिवसाइतकं देखणं. ती क्षणभर थांबली. मग पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि रुंद कुंचल्याने डाव्या टोकापासून सुरुवात केली. पहिला पीळ गेला. ग गेला. रस्त्याने चाललेले दोघे-तिघे थांबून बघू लागले. तिने हात मध्ये कुठे सोडला नाही, सरळ दुसऱ्या टोकाला नेऊन संपवला.

उन्हात रंग लवकर सुकला. ती उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. कडूबाईही तिच्या शेजारी येऊन थांबली, पदर डोक्यावर ओढत.

"वर लई जागा मोकळी ऱ्हायली," कडूबाई म्हणाली.

"काय लिहू तिथे?"

कडूबाईने डोळे बारीक केले. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, गोरक्षनाथ हाका मारत होता, पण ती हलली नाही.

"लिव्हा, गोड गोळ्या मिळतील."

पुष्पावतीने तिच्याकडे वळून पाहिलं. कडूबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"गोड जरा मोटं काढा," ती म्हणाली. "आन लांब नगं, माझ्या नावाला चिकटून."

पुष्पावतीने लाल रंगाचा डबा ढवळला आणि स्टुलावर चढली.