आमचे शून्य

मी एक जुना फळा आहे मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका चौकात, रिक्षा थांब्याला लागून दोन लोखंडी पाइपांवर मी उभा आहे. शाळेच्या फळ्यावर चूक झाली तर गुरुजी डस्टर फिरवतात आणि प्रकरण मिटतं. माझ्यावर खोटं लिहिलं तर त्याचे चटके जिवंत माणसांना बसतात. या उन्हाळ्यात मी ते पाहिलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

चाळीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या गिरणीच्या सागवानी दारातून सुताराने मला कापून काढलं. वर पिवळ्या ऑइलपेंटने तरुण मंडळाचं नाव आलं. खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने दोन कायमचे रकाने आखले गेले. एकावर लिहिलं ‘आमचे’, दुसऱ्यावर ‘त्यांचे’. घाबरू नका, ते गोलांसाठी होते. कोल्हापुरात फुटबॉलचा निकाल जेवणाआधी कळावा लागतो, नाहीतर घास उतरत नाही. बाकी माझ्या अंगावर उद्या पाणी येणार नाही, अमुक गटाचं रक्त तातडीने हवं, कुणाचं निधन झालं, रक्षाविसर्जन किती वाजता, हे सगळं यायचं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर मलाही झेंडूची माळ पडायची. तेव्हा मी फार ऐटीत असायचो.

समोरच्या वहीपेनांच्या दुकानाचे मालक जयपाल आण्णा माझ्यावर लिहितात. सुरुवातीच्या काळात त्यांच्या हातून एक भलतीच चूक झाली होती. कुणीतरी सायकलवरून जाता जाता ओरडून सांगितलं आणि आण्णांनी दूधवाल्या हंबीररावांच्या निधनाची बातमी लिहून टाकली. तासाभराने हंबीरराव किटली घेऊन आले, चष्मा लावला आणि स्वतःचं निधन शेवटपर्यंत वाचून म्हणाले, “आण्णा, वय दोन वर्षांनी जास्त टाकलंयसा की.” चौक पोट धरून हसला. आण्णा मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला, की मयताच्या घरी स्वतः गेल्याशिवाय खडू उचलायचा नाही. त्यांनी तो कधी मोडला नाही. म्हणून लोक म्हणायला लागले, फळ्यावर आहे ना, मग खरं आहे. पुढे मोबाइल आले, मंडळाचे फ्लेक्स आले, माझ्यावर धूळ साचली, एक पाय गंजला. पण मयताची खात्री करायला लोक माझ्याचकडे यायचे.

मग सीमेवर लढाई पेटली. रिक्षा थांब्याच्या चहाच्या गाड्यावर एक टीव्ही लटकलेला असतो. त्यात माणसं घसा फोडून ओरडायला लागली. एका चॅनेलने सांगितलं शत्रूचे ऐंशी मेले. दुसऱ्याने दीडशे केले. तिसरं कशाला मागं राहतंय, त्याने तीनशेवर नेऊन ठेवले. समोरच्या देशाची चॅनेलं याच्या नेमकं उलटं सांगत होती म्हणे. आपल्या सरकारने आपले सहा जवान गेल्याचं कळवलं होतं, पण ते पडद्याच्या तळाशी बारक्या अक्षरांत धावत होतं आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आपली हानी शून्य’ झळकत होतं. एकाच पडद्यावर सहाही आणि शून्यही! मी लाकूड आहे, तरी मला ते दिसलं. चहा पिणाऱ्यांना दिसलं नाही.

आणि मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह माझ्यापुढे आला. पोरगा वाईट नाही. महापुरात लोकांना खांद्यावरून काढलं होतं त्याने. पण त्या आठवड्यात त्याच्या अंगात टीव्ही शिरला होता. गोलांचे रकाने तयारच होते. त्याने ‘त्यांचे’खाली तीनशे लिहिलं, ‘आमचे’खाली भलंमोठं शून्य काढलं आणि थांब्यावर टाळ्या पडल्या. जणू गोलच झाले. माणसं मेल्याच्या बातमीवर टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

आण्णा दुकानातून आले. “अमर, कोण मोजून आलंय रे?”

“टीव्हीवर दावल्यात की आण्णा!”

“आणि आपले सहा?”

“ते आत्ताच कशाला लिवायचं? लोकांचं मन खचतंय.”

आण्णा पुढे काही न करता दुकानात परत गेले. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांनी तेव्हाच ओला फडका फिरवला असता तर पुढचं टळलं असतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मागच्या गल्लीतल्या बायडाबाईंना फोन आला. बायडाबाई क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये भाकऱ्या थापतात. नवरा जोतीराम कधीच गेला. एकुलता मुलगा विश्वजित सैन्यात ड्रायव्हर. दारूगोळा घेऊन दिवे बंद ठेवून चढणाऱ्या त्याच्या ट्रकचं चाक घाटात कडेवरून सुटलं होतं. आण्णा नियमाप्रमाणे घरी गेले, पलटणीच्या अधिकाऱ्याशी फोनवर स्वतः बोलले आणि परत येऊन त्यांनी लिहिलं, ‘निधन. विश्वजित जोतीराम चौगले, वय २६. सैन्यदलात कर्तव्यावर. पार्थिव शनिवारी सकाळी येईल.’ मग त्यांनी ते शून्य पुसलं. माझा जीव हलका झाला, म्हणजे फळ्याला जीव असेल तर.

दुपारी दोन मोबाइलवाले पत्रकार माझ्यापुढे उभे राहिले. पहिला कॅमेऱ्यात सांगू लागला की सरकारी सहाच्या यादीत हे नाव नाही, हा साधा अपघात आहे, देशाला बदनाम करायला याला युद्धातला बळी म्हणतायत. तो गेल्यावर दुसरा सांगू लागला की सरकार शेकडो मृत्यू लपवतंय आणि हा घ्या पुरावा. शेकडो कुठून आणले ते त्याने सांगितलं नाही. त्याने तर पोराचं नावही विश्वास म्हणून सांगितलं, मी मागे उभा असताना! बायडाबाईंचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं. दोघांपैकी एकजणही तिकडे गेला नाही.

पहिल्याचा व्हिडिओ तासाभरात अमरसिंहच्या मोबाइलवर पोचला. तो तणतणत आला.

“आण्णा, यादीत नाव न्हाय! त्यो अपघात हाय. आपला आकडा आपुनच वाढवून शत्रूला द्यायचा व्हय?”

“मी आकडा लिहिला नाही अमर. नाव लिहिलंय.”

“शनवारी त्याचा मोठ्ठा फ्लेक्स लावतो की! पर आज ह्ये नगं.”

आणि त्याने ओला फडका माझ्यावरून फिरवला. आधी वय गेलं, मग नाव गेलं. मग त्याने ते शून्य पुन्हा काढलं. मी ओरडू शकत नाही मित्रांनो. पाठीतला खिळा पडून फुटून जावं असं मला वाटलं. आण्णा दुकानाच्या पायरीवर बसले. चौकातले लोक पुन्हा टीव्हीकडे वळले.

साडेचारच्या सुमारास मलकापूरच्या गाडीने बायडाबाईंचे भाऊ गणपतराव आले. अर्धवट बातमी ऐकून निघाले होते. त्यांना माझी कीर्ती ठाऊक होती, म्हणून ते आधी माझ्यासमोर थांबले. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. ‘आमचे शून्य.’ त्यांनी चक्क मला हात जोडले आणि बहिणीच्या घराकडे पळत सुटले. ते पाहून आण्णा दुकान बंद करून त्यांच्या मागे गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आण्णांनी ते माझ्यासमोर सांगितलं म्हणून सांगतो. गणपतराव दारातूनच ओरडले, “बायडे, रडू नगंस! खोटं हाय! फळ्यावर नाव न्हाय, टीव्हीवरबी शून्य हाय!” जमलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. बायडाबाईंनी डोळे पुसले, देवापुढे दिवा लावला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. आण्णा पोचले तेव्हा त्यांनी आण्णांनाच साखर किती घालू म्हणून विचारलं. मग आण्णांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. एका आईला एकाच दिवसात दोनदा सांगावं लागलं की तुझा मुलगा मेला.

थोड्या वेळाने बायडाबाई चौकात आल्या, मागे आण्णा. पदर खांद्यावरून घसरलेला, हाताला सकाळचं पीठ तसंच. चहाच्या गाड्यावाल्याने टीव्ही बंद केला. अमरसिंह तिथेच होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तू पुसलंस?”

“काकी, मी फकस्त आकडा...”

“तुज्या आकड्यात बसत न्हाय म्हणून मेला न्हाय व्हय माजा विशू? बरं. मग आणून दे. आत्ता दे. जेवायला वाढतो मी त्याला.”

अमरसिंहने मान खाली घातली. बायडाबाईंनी आण्णांच्या हातातला खडू घेतला. दुसरीपर्यंतच शिकलेल्या त्या बाईंनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, खडू दोनदा मोडला. पहिली वेलांटी उलट्या बाजूला आली, पण हसायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्यांनी फक्त ‘विशू’ लिहिलं होतं आणि ते ‘आमचे’खाली लिहिलं होतं.

शनिवारी पार्थिव आलं. अख्खी राजारामपुरी लोटली. फ्लेक्सही लागला, त्यात विश्वजितपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होते. अमरसिंहचा चेहरा मात्र नव्हता, त्याने स्वतःच काढायला लावला होता. तेवढं त्याच्या पदरात घालतो, जास्त नाही.

लढाई थांबली. दोन्हीकडची चॅनेलं जिंकली. तीनशे कुठून आले होते, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. दीड महिन्याने सरकारने यादी दुरुस्त केली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बायडाबाई मेसला निघाल्या होत्या, आण्णांनी त्यांना माझ्यापाशी थांबवून त्या वाचून दाखवल्या. “बायडाबाई, आता मान्य केलंय त्यांनी. मृतांत सातवा आपला विश्वजित.”

बायडाबाईंनी पेपरातल्या त्या ओळींवर बोट ठेवलं.

“सातवा कसा आण्णा?” त्या म्हणाल्या. “मला तर एकच हुता.”

आणि त्या भाकऱ्या थापायला निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या जागी आता दिव्यांची पाटी बसवणार आहेत. खुशाल बसवा, मला भंगारात घाला. पण मेलेल्यांचा आकडा सांगून कुणी तुमच्याकडे टाळ्या मागितल्या, तर हात खिशात ठेवा आणि त्यातल्या एकाचं नाव विचारा. ते त्याला सांगता येणार नाही. मग त्याला तिथंच उभं करून त्या घरचा रस्ता दाखवा.