कोणाचं कापड जास्त?

सरळ काम सरळ करायला माझं डोकं कधीच राजी नसतं. सचिन नावाच्या गावातल्या एका मिलला रोज विणलेल्या कापडाची बेरीज करणारा प्रोग्राम हवा होता. मी गणिताची प्राध्यापकी सोडून प्रोग्रामर झालेलो, घर बायकोच्या, केतकीच्या पगारावर चाललेलं. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर निमूट पुन्हा कॉलेजात, असं आमचं ठरलं होतं. शहाण्याने बेरीज करून दिली असती. मी सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत संख्येचीच नवी व्याख्या करायला बसलो.

ज्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार होतो, त्या सगळ्या माझ्या लेखी संख्या. मीटर असोत, बहुपदी असोत, नाहीतर घड्याळाचे तास, कोड एकच. लहान-मोठं ठरवणं मात्र मी बाणेदारपणे वगळलं. घड्याळाच्या गोलात अकरा मोठे की एक, हे कोण ठरवणार? तपासायला मी बहुपदींच्या बेरजा केल्या. कापडाचे मीटर घालून बघावेत, हे काही सुचलं नाही.

कोजागरीनंतर येणाऱ्या चंदनी पडव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी मिलमध्ये प्रोग्राम दाखवला. बेरजा झकास आल्या. मग मिलचे शेठ गुजरातीत म्हणाले, "हवे बोलो केदारभाई, कापड कोनुं वधारे? दिवसपाळी के रातपाळी?"

ज्या पाळीचं कापड जास्त भरेल, तिला सणाच्या घारीचे, म्हणजे खव्याच्या मिठाईचे, डबे मिळायचे. दोन्ही पाळ्यांचे मुकादम, दिवसपाळीचा योगराज आणि रातपाळीचा वाल्मिक, दारातच उभे होते. दोन्ही बेरजा पडद्यावर दिसत होत्या, पण पक्षपाताचा आरोप नको म्हणून शेठना निकाल मशीननेच द्यायला हवा होता.

मी ऐटीत तुलनेची ओळ टाइप केली. कोड तपासणाऱ्या कंपायलरने ती नाकारली. या संख्यांत लहान-मोठं असं काही नसतं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"शेठ, व्यापक अर्थाने पाहिलं तर..." मी सुरुवात केली.

"भाऊ, कापड आमनंच जास्ती शे ना?" योगराजने त्याच्या अहिराणीत विचारलं.

शेवटी माझी व्यापक संख्या काढून तिथे साधी, लहान-मोठं कळणारी दशांशवाली घातली. एक शब्द बदलला, बस्स. रातपाळी जिंकली. वाल्मिकने मिशीवरून हात फिरवला आणि शेठनी मला कामावर ठेवून घेतलं.

घरी आल्यावर केतकीला सगळं सांगितलं. काम मिळाल्याचा तिला फार आनंद झाला. मलाही झाला होता, आणि तरी रडू येत होतं.

"त्यांना साधी संख्याच पुरली," मी म्हणालो. "माझी कुणालाच नको होती."

तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. "मग मला सांग," ती म्हणाली. "काय होती ती?"

इतके महिने हे कुणी विचारलंच नव्हतं. मी कप बाजूला सारला, कागद ओढला आणि तिच्यासाठी आधी घड्याळाचा गोल काढला.