केरसुणीची घरघर

सायकल शर्यतीत सगळ्यात मागे जी व्हॅन असते, तिला सायकलवाले केरसुणी म्हणतात. ही घड्याळाबरहुकूम, ठरवून दिलेल्या वेळेच्या वेगानेच चालते; तिच्या मागे पडला तो बाद. जो गळला त्याला उचलायचं, पाठीवरचा नंबर काढायचा, सायकल टपावर चढवायची. बाबा एकोणीस वर्षं ही केरसुणी हाकत होते. दमलेल्यांना ते इतक्या मायेने "या, खिडकीची जागा ठेवलीये" म्हणायचे, की रडणारेसुद्धा फिसकन हसायचे.

आज मात्र काचेपलीकडची शेवटची सायकल त्यांच्या लेकीची होती. खारूताईची. चढावर सुरसुर चढायची म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव. ती पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा बाबांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं, माझी गाडी ऐकू आली तर जीव खाऊन पळायचं. नाही आली तर वेळ आहे समज.

मागच्या दोन शर्यती तिने अर्ध्यावर सोडल्या होत्या. टीमच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं, तिसरी सोडलीस की कायमची घरी बस. शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी ठरल्या वेळेला दोरी आडवी लागायची, आणि मग मागे राहिलेल्यांची शर्यत खल्लास.

बाबांच्या शेजारी वेळ मोजणाऱ्या बाई घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर सकाळीच एकदा आपटली होती. कोपर सोलवटलेलं, टीमची गाडी केव्हाच पुढे गेलेली, कानातला रेडिओ मुका. ती सारखी मागे वळून व्हॅनकडे बघत होती. एवढं मानगुटीवर कशाला बसायचं बिचारीच्या? त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. बाईंना म्हणाले, इंजिन तापतंय. बाई म्हणाल्या, तुमची गाडी, तुम्ही बघा.

लेक वळणाआड गेली. आता मोकळी पळेल, बाबांना वाटलं. चांगलं दोन किलोमीटर त्यांनी तिला एकटं सोडलं.

घाटाशी पोचले तर दोरी लागलेली. पलीकडे रिकामा चढ, अलीकडे खारूताई, हातात केळ्याचं साल. चाळीस सेकंदांनी हुकली, असं दोरीवाला म्हणाला.

"बाबा, होतास कुठे तू?" तिचा आवाजही चढला नाही. "तुझी घरघर येईना. म्हटलं, वेळ आहे. जरा पाय सैल सोडले, केळं खाल्लं."

बाबांना घोकून घेतलेलं सगळं आठवलं. ती पाठमोरी उभी राहिली. त्यांनी नंबराच्या चार पिना एकेक करून काढल्या.

"इंजिन तापलं होतं गं."

"तरीच," ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

बाईंनी इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे एकदा पाहिलं. काटा अगदी जागच्या जागी होता. त्यांनी मांडीवरचं घड्याळ बंद केलं.

बाबांनी किल्ली फिरवली. घरघर सुरू झाली, तशी मागे बसलेल्या पोरीच्या पायांनी सवयीने झटका दिला.