घरमांडी

"ताई, उलट्या कुठं जाऊन राह्यल्या? दर्गा तिकडं हाय!"

गिरडच्या स्टँडवर चहाची टपरी चालवणारे महादेवराव हातातली गाळणी तशीच उंच धरून ओरडले. गिरडला एसटीतून उतरलेला माणूस दर्ग्याच्या टेकडीकडेच जाणार, हा त्यांचा आजवरचा अनुभव. ही बाई मात्र टेकडीकडे पाठ करून शेताच्या वाटेला लागली होती. डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी आणि नेसत्या लुगड्याखाली निळेजर्द स्पोर्ट शूज.

"मले घरमांडीवर जाचं हाय," रीता म्हणाली.

"घरमांडीवर? एकल्याच?" महादेवरावांनी गाळणी खाली ठेवली. "तिथं आता कोनी जात नाई वो. वाट बी रायली नसन."

"पाहतो. नसन तर येतो वापस."

"बरं, पान्याची बाटली तरी भरून घ्या. अन् दिवस कलाच्या आंधी खाली या बरं. शेवटच्या खडकावर पाय जपून ठेवजा."

रीताने बाटली भरून घेतली आणि निघाली. जे काम करायला ती चालली होती, ते आपल्या हातून होईल की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

घरमांडी हा डोंगर तसा नावालाच. खऱ्या डोंगरांच्या पंगतीत त्याला कोणी पाटावर बसवणार नाही. पण आजूबाजूला सगळा कापसा-तुरीचा सपाट मुलूख, त्यामुळे त्याचाही तोरा मोठा. वर एक शेंदूर फासलेला दगड आणि सभोवती दगडांची इवलीइवली घरं. ज्याला स्वतःचं घर हवं असेल त्याने वर जायचं आणि दगडावर दगड ठेवून, हवं तसं घर मांडायचं. घर झालं की पुन्हा वर जाऊन ते आपल्या हाताने मोडायचं. मोडलेले दगड फेकायचे नाहीत, नीट लावून ठेवायचे. पुढच्या माणसाला कामी येतात. आणि जेवढं मिळालं तेवढंच मोडायचं. न मिळालेलं मोडलं, तर ते मागणंच मेलं असं समजतात.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात रीता आणि भूपेंद्र इथे आले होते. अल्लीपूरला किराणा दुकानाच्या मागे एका खोलीत पाच माणसं आणि तेलाचे पिंप, असा तेव्हाचा संसार. नवरा-बायकोने एकमेकांशी दोन शब्द बोलायचे तर दुकानाचं शटर ओढल्यावर, साखरेच्या पोत्याआड. भूपेंद्रने खालच्या दोन खोल्या मांडल्या, वरच्या दोन मांडल्या, हात झटकले.

"झालं?" रीताने विचारलं होतं.

"झालं ना. अजून काय पायजे तुले, विमानतळ?"

"गॅलरी."

"गॅलरी कायले? कपडे तर खालीबी वायतात."

"बसाले," ती म्हणाली होती. "संध्याकाळी. आपुन दोघं. बसाचं अन् रस्ता पाहाचा. कोनी काई मांगाले नाई आलं पायजे."

भूपेंद्र हसला होता. मग मात्र गंभीर होऊन एक चपटा दगड शोधून आणला होता आणि दोन लहान दगडांच्या टेकूवर तो घराच्या तोंडाशी बसवला होता. ती गॅलरी.

घर झालं. दुकानाच्या डोक्यावर झालं, चार खोल्यांचं झालं. फक्त गॅलरीच्या जागेवर तेलाचे डबे ठेवायला गोदाम निघालं. "पुढच्या साली काढू," असं भूपेंद्र दर दिवाळीला म्हणायचा आणि रीता मान हलवायची. घरमांडीवर जाऊन घर मोडायचंही असंच पुढच्या सालावर गेलं. दुकानदाराला सुट्टी नसते. गिऱ्हाइकाला साप चावला तरी तो आधी हळद मागायला येतो. आणि मग मागल्या वर्षी एका सकाळी शटर वर करता करता भूपेंद्र खाली बसला तो उठलाच नाही.

सासू यशोदाबाई तेव्हापासून एकच गोष्ट धरून बसल्या होत्या.

"ते डोंगरावरचं घर मोडलं नाई तुमी. म्हनून लाभलं नाई. माया लेकाले ते घर खाऊन गेलं."

रीता कधी उलट बोलली नाही. पोर गमावलेल्या आईशी काय वाद घालायचा? पण आता सून प्रेरणाला सातवा लागला होता, आणि म्हातारीने अन्नपाणी सोडायची भाषा सुरू केली होती. "लेकरू घरात याच्या आंधी ते मोडून ये वं रीता. ज्यानं मांडलं त्यानंच मोडावं लागते. आता तूच रायली."

मुलगा निकेश म्हणाला, मी गाडीवर नेतो, खाली थांबतो. रीताने त्याला दुकानात बसवलं. प्रेरणाने आपले बूट काढून दिले. "चप्पल घालून नका जाऊ मम्मी, घसरान. दोन मोजे घाला, बसतात बरोबर."

बूट बरोबर बसले होते. मन तेवढं बसत नव्हतं.

खरं सांगायचं तर रीताला ते घर मोडायचंच नव्हतं. तिला ते पाहायचं होतं. दुकानातली तागडी, गल्ला, खाटेचा पाय, सगळ्याला भूपेंद्रचे हात लागले होते. पण दोघांचे हात एकदम लागलेली अशी एकच वस्तू होती आणि ती या डोंगरावर होती. ती अजून उभी असेल का? असली तर तिच्याजवळ बसावं, पोटभर बसावं, आणि घरी जाऊन मोडलं म्हणून सांगून टाकावं. देवाला काय, तो समजून घेईल. सासूला कळलं नाही म्हणजे झालं. असा सगळा हिशोब करून ती निघाली होती. पण मध्येच प्रेरणाचं पोट डोळ्यांपुढे यायचं आणि हिशोब चुकायचा.

वाट खरंच उरली नव्हती. सागाची वाळली पानं घोट्याएवढी साचली होती. पाय ठेवला की पापड मोडल्यासारखी वाजायची. कुसळं लुगड्याला चिकटली, मोज्यांत शिरली. पळसाला नुकती फुलं लागली होती. वरच्या फांदीवरून एक वानर तिच्याकडे उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघत होतं.

"काय पाहतं रे? मी बी माह्या घरी चालली," रीता त्याला म्हणाली, आणि आपल्याच आवाजाला दचकली. किती दिवसांत ती अशी मोकळ्यावर, कोणालाही न ऐकवायला, बोलली नव्हती.

चढ खडा झाला तशी ती वाकून, झाडांची खोडं धरत चढू लागली. छाती भात्यासारखी चालली होती. मागल्या खेपेला भूपेंद्र पुढे होता आणि दर दहा पावलांवर "थकली का?" म्हणून चिडवत होता. ती दर वेळी नाही म्हणत होती. आज कोणी विचारत नव्हतं, तर ती आपणहून म्हणाली, "थकली बाप्पा, थकली," आणि एका दगडावर टेकली. रडू आलं ते तिने येऊ दिलं. इथे कोण पाहणार होतं?

शेवटी तो काळा खडक आला. दोन पुरुष उंचीचा, सपाट, मध्ये एक चीर. तेव्हा भूपेंद्रने वरून हात देऊन तिला ओढून घेतलं होतं. रीताने पिशवी गळ्यात अडकवली, निऱ्या कमरेला खोचल्या आणि चिरेत बोटं घातली. एक पाय टेकला, दुसरा घसरला. तळव्याची सालं निघाली. ती खडकाला पोटाशी धरून तशीच लटकून राहिली, आणि त्या सोललेल्या हाताकडे पाहताना तिला काहीतरी आठवलं, पण ते काय, हे ध्यानात येईना. आधी वर जाणं भाग होतं. दात-ओठ खात तिने गुडघा वर आणला, मग कोपर, मग सगळी रीता.

वर वारा होता. शेंदराचा दगड होता, शेंदूर पार उडालेला. आणि घरं होती. बहुतेक पडलेली, गवतात बुडालेली. काही मात्र हट्टाने उभी. कोणाची तरी मागणी अजून ताटकळत होती.

त्यांचं घर सालईच्या झाडाखाली होतं, तेही चटकन ओळखू यावं म्हणून. सालई तिथेच होती, अंगावरचे कागदासारखे पापुद्रे वाऱ्यावर हलवत. रीता जवळजवळ धावतच गेली.

घर नव्हतं.

इतकी वर्षं मनात जपलेलं, कोणी गुराख्याने लाथाडलं की काय? ती खाली बसली. मग तिला दिसलं की दगड विखुरलेले नव्हते. ओळीने लावून ठेवले होते. मोठे मागे, मधले पुढे, लहान सगळ्यांत पुढे. दुकानात फळीवर डबे लागायचे अगदी तसे. त्या डब्यांवरून ती कितीदा भूपेंद्रला बोलली होती, "गिऱ्हाईक खोळंबलं अन् तुमी डबे काय लावून राह्यले?"

आणि ओळीच्या पुढे, एकटीच, गॅलरी उभी होती. तोच चपटा दगड, तेच दोन टेकू. वाऱ्याने पडू नये म्हणून तिन्ही दगड मिळून दोरीने बांधले होते. पिवळी प्लास्टिकची दोरी, उन्हाने पांढुरकी पडलेली. दुकानातली. आणि गाठही दुकानातलीच, पुड्याला मारतात ती. एक टोक ओढलं की सुटणारी.

मग तिला हाताचं आठवलं. निकेशच्या लग्नाच्या आधी भूपेंद्र एकदा माल पाहायला म्हणून हिंगणघाटला गेला होता आणि दोन्ही तळवे सोलून आला होता. गाडीवरून पडलो म्हणाला. गाडीला ओरखडा नव्हता. ती हळद लावता लावता त्याला बोल-बोल बोलली होती, आणि तो नुसता हसत होता.

एकटाच आला होता. सून घरात यायच्या आधी घर मोडून गेला होता. आणि बायकोला कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिने विचारलंच असतं, सगळं मोडलं का? मग गॅलरी राहिली हे कबूल करावं लागलं असतं. मेला दुकानदारच! मिळालं तेवढंच वजा केलं, आणि तिचं मागणं तसंच बाकी ठेवलं, बांधून.

"काऊन नाई सांगतलं मले?" रीता त्या दगडाला म्हणाली. "मी आली असती ना वो संग. दुकान बंद ठेवलं असतं एक दिवस."

पिशवीतला फोन वाजला. वर रेंज चांगली होती.

"पोचली का वं?" यशोदाबाईंनी विचारलं. "मोडलं का?"

"मोडेल हाय, आई."

"मोडेल हाय म्हंजे?"

"तुमच्या लेकानं मोडलं. कवाच. एकलेच आलते. हात सोलून आलते पहा, निकेशच्या लग्नाआंधी. तवा."

पलीकडून म्हातारीचा हुंदका आला. त्यात दुःख होतं आणि सुटकाही होती. इतके दिवस ती आपल्याच पोराला बोल लावत होती.

"सगळं मोडलं त्यानं?"

रीताने गॅलरीकडे पाहिलं. "हो. जेवढं झालतं तेवढं सगळं."

"मंग ये वं माय आता घरी. सांभाळून उतरजो."

"येतो."

फोन ठेवून ती गॅलरीशेजारी बसली. खाली शेतं, तळं, पलीकडे दर्ग्याची टेकडी, आणि दूरवर रस्ता. रस्त्यावरून एक एसटी चालली होती. कोणी काही मागायला आलं नाही. संध्याकाळ व्हायला वेळ होता, पण तिने संध्याकाळ झाली असं धरलं, आणि शेजारी थोडी जागा सोडली.

उन्हं उतरू लागली तशी ती उठली. दोरीचं मोकळं टोक वाऱ्यावर हलत होतं. एक हिसका दिला की सुटलं असतं. गॅलरी आता कधी होणार नव्हती. झाली तरी त्यात बसायला दुसरं कोणी नव्हतं. असलं मागणं उभं ठेवून काय करायचं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने टोक बोटात धरलं.

दुकानात एक रीत होती. जवळच्या गिऱ्हाइकाच्या पुड्याला सुटणारी गाठ. माल लांब जाणार असला, तर वाटेत सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक, पक्की.

रीताने सोललेल्या हातांनी भूपेंद्रच्या गाठीवर पक्की गाठ मारली, ओढून पाहिली, आणि खडकाच्या दिशेने उतरायला लागली.