तीन फुटांचा दर्या

"सांग तुह्या मालकिणीले," काचेसमोर उभे राहून प्रभाकरराव म्हणाले, "असलं ओलं टोपलं देवघरासमोरून नेत नसतेत."

काचेआडच्या केंड माशानं एक डोळा त्यांच्यावर ठेवला आणि दुसरा मंदाबाईंच्या हातातल्या टोपल्याकडे वळवला. दोन डोळे दोन दिशांना फिरवायची त्याला सोय होती. या घरात ती लागायचीही.

"गोगलगायी हायेत त्यात, विंचू नाईत," मंदाबाई त्याच काचेला म्हणाल्या. "देव आजवर काई बोलला नाई मले. बोलनारे दुसरेच हायेत."

"देव बोलत नाई म्हनूनच काई लोकाइचं निभून राह्यलं."

"अन् गिऱ्हाईक पिंपात वाकून पाह्यत नाई म्हनून काई लोकाइचं दुकान चालून राह्यलं."

प्रभाकरराव पाय आपटत जिना उतरून गेले. खाली त्यांचं दुकान, मागे विहीर, आणि विहिरीलगतच्या पडवीत मिठाच्या पाण्यात मुरत पडलेल्या कैऱ्यांची पिंपं. खारवलेली कैरी घ्यावी तर प्रभाकररावांची, असं वर्ध्यातली लोणचंवाली माणसं म्हणत. वर राहायच्या दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत काचेची तीन फुटांची टाकी.

अकरा वर्षं नवरा-बायकोत सरळ शब्द नव्हता. आधी मधे लेक मयुरी होती. "तुह्या बापाले सांग", "तुह्या मायले सांग" करत ती मोठी झाली आणि लग्न होऊन अमरावतीला गेली. मग त्याच हिवाळ्यात मासा आला.

मंदाबाई कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. मुलांची सहल रत्नागिरीला गेली होती, तिथून कुणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये मुठीएवढा केंड, डिवचला की फुगणारा मासा, आणला. सरांनी फॉर्मॅलिनची बरणी मागितली. मंदाबाईंनी बरणी धुतली, पुसली, फळीवर पालथी घातली आणि म्हणाल्या, "सर, जितं हाय ते. मी नेऊ का घरी?"

सर हसले. समुद्र वर्ध्यापासून किती लांब, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. मंदाबाईंनी नकाशा पाहिला आणि कॅन उचलला.

मग त्या शिकल्या. समुद्राच्या मिठाची पाकिटं नागपूरहून मागवली. विभागानं मोडीत काढलेला हायड्रोमीटर मागून आणला. पाण्यात सोडला की ही काचेची नळी उभी तरंगे. पाणी जितकं खारट तितकी ती वर येई. बावीसच्या रेघेवर थांबली की मंदाबाईंचा चेहरा सैल होई. बादलीत मीठ ढवळताना त्या गुणगुणत. आईनं जात्यावर शिकवलेली चाल, शब्द मात्र स्वतःचे:

दूर दूरचा गं दर्या, कोन्या वाटेनं आनला
माह्या घराच्या कोनात, मीठ घालून बांधला.

केंडाचे दात पोपटाच्या चोचीसारखे, जन्मभर वाढणारे. कडक कवचं फोडायला मिळाली नाहीत तर वाढून वाढून तोंड मिटतं आणि मासा उपाशी मरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा धाम नदीतल्या गोगलगायी घेऊन नदीकाठची धुरपता दाराशी येई.

"बाई, हे कोनाले चारता वं तुमी?"

"घरात एक हाय, दाताचा."

"दात त तुमच्या मालकालेबी हायेत."

"ते बोलाले वापरतेत."

धुरपता खिदळत जिना उतरे. खाली गल्ल्यावर बसलेले प्रभाकरराव तिच्या रिकाम्या टोपल्याकडे पाहत आणि नाकाला उपरणं लावत.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट लहानशीच होती. मंदाबाईंच्या माहेराहून, अल्लीपूरहून, सकाळी दुकानात फोन आला, की मंदाचे वडील अखेरच्या घटकेला आहेत, तिला पाठवा. त्या दिवशी बारा पिंपं कैऱ्या भरायच्या होत्या, कापलेल्या फोडी काळ्या पडत होत्या. पिंपांची तोंडं बांधली की सांगू, असं प्रभाकररावांना वाटलं. त्यांनी सांगितलं तेव्हा चार वाजले होते. मंदाबाई एसटीनं पोचल्या तेव्हा चिता विझत आली होती.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात मंदाबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन, नऊ दिवस दवाखाना. मयुरी आईजवळ राहायला येणार होती. राहिला मासा.

शेजारच्या शकुंतलाबाईंना विचारून पाहिलं. "मले त्या गोगलगाईची किळस येते बापा," त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या घरात मानूस नाई का?"

माणूस होता. त्याला विनवायचं कसं, हाच प्रश्न होता. मंदाबाईंनी कागद घेतला. पहिल्यांदा पानभर लिहिलं. त्या पानात तीनदा 'कृपया' आलेलं पाहून ते फाडलं. दुसऱ्यांदा अर्धं पान. तेही फाडलं. जितके शब्द कमी, तितकी लाचारी कमी. शेवटी टाकीला चिकटवलेल्या चिठ्ठीत एवढंच उरलं: रोज संध्याकाळी तीन गोगलगायी. हवेची मोटर बंद करू नये. माशाला पाण्याबाहेर काढू नये. पाणी पेन्सिलीच्या रेघेखाली गेलं की भरावं.

वर्ध्याचा मे. कूलर घरघरतो, दारं तापतात, टाकीचं पाणी रोज दोन-तीन बोटं उडतं. उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते साधं विहिरीचं. मंदाबाईंना हे इतकं पाठ होतं, की फाडलेल्या पानांबरोबर नेमकं हेच केराच्या टोपलीत गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मयुरी त्यांना रिक्षातून घरी घेऊन आली, जिना चढवून पलंगावर बसवून औषधं आणायला गेली. मंदाबाई टाके सांभाळत उठल्या.

पाणी नितळ होतं. पेन्सिलीच्या रेघेला अचूक टेकलेलं. तळाशी फुटलेल्या कवचांचा ढीग, रोजच्या तीनप्रमाणे. टाकीशेजारी स्वयंपाकघरातला चिमटा, त्याला काड्या बांधून लांब केलेला. काच पुसलेली. आणि कोपऱ्यात मासा, पांढुरका, पोट खपाटीला गेलेलं, एका कुशीवर कललेला.

त्यांनी हायड्रोमीटर सोडला. नळी बावीसच्या रेघेवर थांबली नाही. उसळून वर आली आणि उभीच राहिली.

प्रभाकरराव दारात होते. नऊ दिवसांचं काही दाखवायचं असल्यासारखा चेहरा होता.

"काय घातलं पान्यात?" मंदाबाई काचेला म्हणाल्या.

"पानी," तेही काचेला म्हणाले. "रोज. रेघेपर्यंत."

"कोन्तं पानी?"

"मिठाचं. दुसरं कोन्तं?" त्यांचा आवाज चढला. "खाऱ्या पिंपातलं पानी कमी झालं त खारंच घालावं लागते. गोडं घातलं का माल नासते. तीस वर्षं करून राह्यलो मी. रोज बोट बुडवून चव घेतली, तशीच चव जुळवली बादलीत. खड्याचं मीठ घेतलं, चाळून."

म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनी समुद्राची चव जुळवली होती. दुसऱ्या दिवशी त्याहून खारट समुद्राची. असे नऊ दिवस, चाळलेल्या मिठानं, काही न चुकता.

मंदाबाई वळल्या आणि अकरा वर्षांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलल्या.

"तुमी मारलं त्याले."

"मी? चिठ्ठीत काय लिवलं तू? पानी भरावं. गोडं लिवलं का? लिवलं का गोडं?"

"एवढं कळत नाई?"

"मले कसं कळन? सांगतलं नाई त कसं कळन मले?"

"हो," मंदाबाई म्हणाल्या. "सांगतलं नाई त मानसाले नाईच कळत. चार वाजता कळते मंग. एसटीत बसल्यावर कळते."

प्रभाकररावांचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो खाली आला.

"मी ते मुद्दाम…"

"मीबी मुद्दाम नाई केलं. झालं बरोबर?"

त्यांना टाक्यांत कळ आली. खुर्चीचा आधार घेऊन त्या टाकीजवळ बसल्या. मग ज्या आवाजात प्रयोगशाळेत नव्या पोरांना बजावत, त्या आवाजात म्हणाल्या, "एकदम गोडं घातलं त झटक्यानं मरन. गडवाभर खारं काढाचं, गडवाभर विहिरीचं घालाचं. अर्ध्या अर्ध्या घंट्यानं. काचेवरून, धार बारीक. मले वाकता येत नाई."

ही विनवणी नव्हती. प्रभाकररावांनी गडवा घेतला.

दुकानाचं शटर त्यांनी स्वतः खाली ओढलं. कैऱ्यांचे दिवस, वर्षाचा धंदा पंधरवड्यात होतो. साठीला टेकलेला माणूस विहिरीवरून पाणी शेंदे, चौदा पायऱ्या चढे, काचेवरून धार सोडे, पुन्हा उतरे. सदरा पाठीला चिकटला.

"धार जाड झाली," मंदाबाई म्हणत.

"हात कापते माहा."

"कैऱ्या भरतानी कापत नाई वाटते."

"तुही जीभ मातर ऑपरेशनातूनबी तशीच्या तशीच आली."

खाली कुणी शटर वाजवलं. "ओ प्रभाकरराव! कैऱ्या देता का नाई?" त्यांनी विहिरीत बादली सोडली. मयुरी औषधं घेऊन आली, दोघांना सरळ भांडताना पाहून उंबऱ्यातच थबकली आणि काही न विचारता चहा ठेवायला आत गेली.

दुपारी दोनला मासा एकदा हलला. कल्ल्याचं भोक उघडलं, मिटलं. एक डोळा मंदाबाईंकडे फिरला. त्यांनी हायड्रोमीटर सोडला. नळी रेघभर उतरली होती. प्रभाकररावांनी ती रेघ पाहिली, आणि पुढच्या गडव्याला ते दोन दोन पायऱ्या चढून आले.

साडेतीनला त्यांनी धार सोडली आणि ते खाली गेले. त्यानंतर थोड्याच वेळात कल्ला उघडला तो मिटला नाही. मंदाबाई वाट पाहत राहिल्या. मासा सावकाश तळाशी टेकला आणि हवेच्या बुडबुड्यांनी नुसता इकडेतिकडे हलू लागला. त्यांनी काचेवर तळवा ठेवला. काच ऊन होती.

चारला पावलं वाजली. प्रभाकरराव धापा टाकत आले, वाकले, आणि धार सोडण्याआधी त्यांची नजर तळाशी गेली. माशाचा कल्ला हलत नव्हता. मग त्यांनी गडवा कलता केला. इतकी बारीक धार दिवसभरात पडली नव्हती. शेवटचा थेंब निथळेपर्यंत ते वाकून राहिले, आणि तसेच पुढचं पाणी आणायला वळले.

मंदाबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

साडेचारला जिन्यावर पुन्हा पावलं वाजू लागली, एकेक पायरी थांबून. मंदाबाईंनी एक हात टाक्यांवर दाबला, दुसऱ्यानं खुर्ची थोडी मागे ओढली, आणि काचेपाशी एका माणसापुरती जागा केली.