उत्तर मिळेपर्यंत उचलायची नाही

मी मासे चिरायची सुरी बोलतेय. दचकू नका. दोन महिने काचेच्या कपाटात काढलेत, धार आता नावालाच उरलीय.

मोडक्या बोटीच्या पोलादी पट्टीतून मला घडवलं. आधी मी सासूकडे होते, मग सुनेच्या हातात आले. आमची वस्ती या किनाऱ्यावरची सगळ्यात जुनी. समुद्र पुरुषांना ठाऊक. माशाच्या पोटात काय आहे, ते बायकांना आणि मला.

यंदा एक मासा चिरताना सून थबकली. गाबोळीत, म्हणजे अंड्यांच्या पिशवीत, मोहरीएवढे काळे कण होते. दुसऱ्या माशात तेच. दहाव्यातही.

"आई, हे काय हो?"

"धुऊन टाक. बाळ झाल्यापासून तुला सगळ्यातच काळं दिसतं."

तेही खोटं नव्हतं. बाळ शिंकलं तरी ही रात्रभर त्याचा श्वास मोजणार!

"अहो, पण हे मी खाते. आणि बाळ माझ्या अंगावर पितं."

सासूचे हात थांबले.

त्याच आठवड्यात मासे-संशोधन केंद्राच्या मॅडम वस्तीत आल्या. "यंदा कशावर संशोधन करायचं, ते तुम्हीच सांगा," म्हणाल्या आणि छापील यादी पुढे केली. पाचच्या पाच प्रश्न, मोठे मासे किती टन मिळतील याचे.

आमच्या सभेत ज्याला प्रश्न विचारायचा, तो आपलं हत्यार मधोमध ठेवतो. उत्तर मिळेपर्यंत उचलत नाही. आजवर वल्ही ठेवली गेली, जाळी ठेवली गेली. सुरी कधीच नाही. सुनेने मला तीनदा कमरेतून काढलं, तीनदा परत खोचलं. शेवटी सासूनेच कोपर मारलं. "ठेव की गं! का माझी वाट बघतेस?"

सुनेने मला मधोमध ठेवलं, ते काळे कण कसले ते अडखळत विचारलं. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं आणि मला अलगद उचललं. "अय्या, किती छान भेट!"

मॅडम मनाने चांगल्या, त्यामुळे कुणाला बोलवेना.

मग केंद्रातलं काचेचं कपाट. खाली चिठ्ठी: 'वस्तीकडून सप्रेम भेट'. येणारे-जाणारे कौतुक करायचे, आणि मला एकच घोर. मासे अंड्यावर येण्याचे दिवस सरत चाललेत. ते कण पुन्हा वर्षभर सापडायचे नाहीत. सून उसन्या सुरीने चिरत असेल. खात असेल का? पाजत असेल का?

काल ती आली, बाळाला कडेवर घेऊन. "मॅडम, ती भेट नव्हती हो. माझा प्रश्न होता तो."

मॅडमचा चेहरा उतरला. घाईघाईने कपाट उघडून मला पुढे केलं. "माझं चुकलं. घ्या, घेऊन जा."

सुनेने हात मागे घेतला. "तशी नाही नेता येत. कण कसले आहेत ते सांगा, मग नेते."

मॅडमनी मला टेबलावर, त्या पाच प्रश्नांच्या छापील यादीवरच ठेवलं. खाली सहावा आकडा घातला आणि सुनेला विचारून विचारून तिच्याच शब्दांत प्रश्न लिहिला. पेन्सिलने.

उद्या यादी वरच्या साहेबांकडे जाईल, आणि पेन्सिलची ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो? माझ्या पात्याला गंजाचा ठिपका पडलाय, तो राहू द्या. मला पुसू नका, तेल लावू नका. तेवढी ती ओळ पेनाने गिरवा. बाळ अजून अंगावर पितंय.