गार दाराची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर तुम्हाला लगेच वहीवर रेघा मारणारी आठवेल, पण ती मी नव्हे. मी रबराची, आणि दाराची. बोटीवरून परदेशी जाणारी फळं, मासे, भाज्या ज्या मोठाल्या गार कंटेनरांमध्ये भरतात ना, त्यातल्याच एकाच्या दारांच्या कडेकडेनं मी बसवलेली होते. दार लागलं की मी दबायचे. मी नीट दबले की आतली थंडी आत राहायची आणि बाहेरचं ऊन बाहेर.

एका कारखान्यात गरम साच्यातून मी सापासारखी लांबच लांब बाहेर आले. तिथल्या कामगारानं मला मापानं कापलं, कोपऱ्यांत चिकटवलं, दाराला ठोकलं आणि म्हणाला, "जा, जग बघ!" जग मी अर्धंच पाहिलं. माझी एक कड बाहेर उन्हात भाजायची, दुसरी आत थंडीनं काकडायची. बाहेर समुद्र, पक्षी, माणसं सगळं दिसायचं. आत मात्र दार लागताच मिट्ट काळोख. दोन्हीकडे असूनही आत काय चाललंय ते मला कळायचं नाही, आणि तेच कळावं म्हणून माझा जीव सदा टांगणीला!

पहिल्या खेपेला सफरचंदं होती. बोटीवरच्या गार कंटेनरांची देखभाल करणारा एक मिस्त्री होता. तो रोज सगळ्या मशीनवरून फेरी मारायचा आणि जाता जाता माझ्यावरून बोट फिरवायचा. एकदा त्याच्याबरोबर बोटीवरचा आचारी आला. कंटेनरची हवेची झडप किंचित उघडी पाहून तो चकित झाला.

"अरे, आत एवढी थंडी करायची आणि वर खिडकी उघडी ठेवायची? हा कुठला शहाणपणा?"

"सफरचंदं झाडावरून उतरली म्हणून मेली नाहीत," मिस्त्री म्हणाला. "ती अजून श्वास घेतात. कोंडून ठेवली तर नासतील."

"आणि मासे असले तर?"

"ते पार गोठलेले. त्यांना कशाला हवी हवा? त्यांची झडप बंद."

"म्हणजे या बोटीवर सगळ्यात हवेशीर खोली सफरचंदांची," आचारी म्हणाला, "आणि आम्ही मात्र चुलीपुढे उकडतोय!"

त्या दिवसापासून मी कान टवकारून बसायचे. सफरचंदांचा श्वास काही ऐकू आला नाही, पण त्यांचा वास मात्र दिवसेंदिवस गोड होत गेला. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी चांगली मऊ होते तोवर सगळे माझं कौतुक करायचे. मग कौतुक आटलं. मला कुणी पुसेना. खारी हवा लागून मी कडक होत गेले. एका गोदामात दार अडकलं, तेव्हा एकानं सरळ पहार घालून ते उचकटलं आणि माझा खालचा कोपरा फाटला. "चालतंय की!" म्हणत तो निघून गेला. चालत नव्हतं, मित्रांनो. तिथून थंडी थोडी थोडी झिरपायची.

अशातच ती माशांची खेप आली. किनाऱ्यावरच्या काही बायकांनी मिळून मासे गोठवण्याचं काम सुरू केलं होतं. आजवर त्यांचा माल दुसऱ्यांच्या नावानं जायचा. या वेळी पहिल्यांदाच पेट्यांवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांची पुढारी म्हणजे आमच्या मिस्त्रीची थोरली बहीण. पेट्या भरून झाल्यावर तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, फाटका कोपरा दाबून बघितला आणि भावाला फोन लावला.

"हे बघ, आमचा कंटेनर तुझ्याच बोटीवर येतोय. कोपऱ्यात पट्टी फाटलीये. काहीतरी कर. आणि नीट लक्ष ठेव. हा माल खराब झाला तर पुन्हा आम्हाला कुणी विचारणार नाही."

"ताई, डोळ्यांत तेल घालून बघतो!"

त्यानं माझ्या कोपऱ्याला चिकटपट्टी गुंडाळली. पण भर समुद्रात कंटेनरचं मशीनच बंद पडलं. घरघर थांबली आणि मला एकदम सुनं सुनं वाटलं. मिस्त्रीनं झाकण उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. थंडी तयार करणारा कॉम्प्रेसरच जळाला होता. शेजारच्या ओळीत एक रिकामा कंटेनर होता. त्याचा कॉम्प्रेसर काढून इथे बसवायचा, एवढाच मार्ग. वर ऊन मी म्हणत होतं. मिस्त्री घामानं निथळत स्क्रू काढायचा, मध्येच माझ्याकडे यायचा, दाराला कान लावायचा.

शेवटी त्याचा धीर सुटला. त्यानं दाराच्या दांड्याला हात घातला. खरं सांगू? मलाही मनातून वाटत होतं, उघड, एकदा बघूच दे!

तेवढ्यात कप्तान आला. "काय करतोस?"

"नुसतं डोकावतो, साहेब. वितळलेत का तेवढं बघतो."

"उघडायचं नाही, हे मला तूच शिकवलंस ना?"

"शिकवलं, साहेब. पण आत माझ्या ताईचे मासे आहेत. मला राहवत नाही."

कप्तान रागावला नाही. त्यानं भर समुद्रातही चालणारा आपला सॅटेलाइट फोन पुढे केला. "मग तिलाच विचार."

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. पलीकडून ताईचा आवाज आला, "लहानपणी आई विरजण लावायची, आठवतं? दही लागलं का बघायला तू घटकेघटकेला बोट घालायचास. एकदा तरी धड लागलं का?"

"नाही," मिस्त्री ओशाळून म्हणाला.

"मग हात काढ दारावरचा. मलाही धडधडतंय रे. पण आत असलेली थंडी आत राहू दे. तू मशीन बघ."

त्यानं हात काढला. मी होती नव्हती ती ताकद एकवटून चौकटीला चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मशीन घरघरलं आणि मिस्त्री तिथेच फतकल मारून बसला. मासे वाचले की नाही, हे मात्र आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते बंदरात कळलं. तपासनीस बाईंनी दार उघडलं. मिस्त्री फोन कानाला लावून मागे उभा. बाईंनी दाराजवळच्या पेट्या दाबून पाहिल्या. माझ्या फाटक्या कोपऱ्याशी असलेल्या पेट्या नरमल्या होत्या. "या बाजूला काढा," त्या म्हणाल्या. मिस्त्रीचा चेहरा पडला. मग त्यांनी आतली एक पेटी फोडली आणि दोन मासे एकमेकांवर आपटले. टण्ण! विटांसारखे!

"बाई, अजून एकदा वाजवता का?" मिस्त्रीनं फोन पुढे केला. बाई हसल्या आणि पुन्हा वाजवलं.

"कोण दार ठोठावतंय रे?" पलीकडून ताईनं विचारलं.

"तुझे मासे, ताई. पोचले."

त्यानंतर मिस्त्रीनं मला बदललं. बदलायला पाहिजेच होतं. नवी पट्टी लावताना त्यानं मला समोर जमिनीवर ठेवलं आणि मला पहिल्यांदा कंटेनर अख्खा दिसला. पांढऱ्या भिंती, खाचांची जमीन, बस्स! एवढ्यासाठी मी आयुष्यभर झुरले? माझं मलाच हसू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या फ्रिजच्या दारालाही माझी एक धाकटी बहीण असते. तिला अधूनमधून साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा. फाटली तर "चालतंय की" म्हणू नका. आणि काय खावं याचा विचार दार सताड उघडून त्यासमोर उभं राहून करू नका. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हे बघायला तुम्ही ते सारखं उघडता, हेही तिनं मला सांगितलंय.

विझतो. तिनं स्वतः पाहिलंय. आता लावा बघू दार!